चाखणं म्हणजे खाणं नव्हे

२ मार्च
आजपासून लो-फॉडमॅप पथ्य. कांदा, लसूण, सफरचंद, प्लम, सगळं बंद. पोटाच्या आयबीएससाठी डाएटिशियनबाईंनी सहा आठवडे सांगितलेत. मी चारात उरकीन. मनाचा पक्का आहे. बायको, व्हर्ना, म्हणाली, बघू. हे 'बघू' आवडलं नाही.

५ मार्च
थंड मटणावर प्लम सॉस नाही, हे काय जेवण झालं? एकच चमचा घेतला. शिजवल्यावर प्लम तेवढा बाधत नसणार.

संध्याकाळी
बाधतो. दुपारी क्लबच्या हिरवळीवर बोल्स खेळताना मधेच पळालो. सांगितलं, गाडीचे दिवे चालू राहिलेत. भर उन्हात. शरमेने मेलो.

९ मार्च
व्हर्ना मागच्या शेडमध्ये काहीतरी शिजवतेय. विचारलं तर म्हणे, तुला काय करायचंय? मी पथ्यावर, आणि हिला पक्वान्नं सुचतात.

१३ मार्च
वॅराबिल शो, म्हणजे गावचं शेतकी प्रदर्शन, त्यातल्या सॉस स्पर्धेची जजबाई आजारी पडली. कमिटीच्या ट्रिशचा फोन, तिच्या जागी येशील का. हो म्हटलं. चाखणं म्हणजे खाणं नव्हे, चाखून थुंकायचं. व्हर्ना म्हणाली, नको जाऊस. कारण सांगेना. माझ्या पोटाची काळजी, दुसरं काय.

१४ मार्च
टेबलावर बाटल्या, नावं झाकलेली. शेरे माईकवर द्यायचे. समोर अख्खं गाव, थुंकणार कसा? गिळलं. एका प्लम सॉसचा तर दुसरा चमचाही घेतला, न्याय व्हावा म्हणून.

शेवटची बाटली रुबार्बच्या आंबट देठांची. ना कांदा, ना लसूण. तोवर पोटात कळ. घाईत बोलून गेलो, "हा सॉस नाही, आजाऱ्याची पेज आहे." लोक खो खो हसले. दुसऱ्या रांगेत व्हर्ना हसली नाही. मी गुरांच्या शेडमागच्या संडासाकडे धूम ठोकली.

आत बसल्यावर डोक्यात प्रकाश पडला. आजारी मीच. बाहेर यायची हिंमत होईना. ट्रिश दार वाजवून गेली.

१५ मार्च
दुपारी पुढ्यात उकडलेला बटाटा आणि तीच रुबार्बची बाटली. मी मान खाली घालून खाल्लं. सॉस चांगला होता. काल कळलंच नव्हतं, तोंडात प्लम होता.

व्हर्ना पाठमोरी भांडी विसळत होती. म्हणाली, "पथ्याचं म्हणून दिलं असतं तर तू नाक मुरडलं असतंस. बक्षीस मिळालेलं म्हणून तरी खाशील, असं वाटलं होतं."

आणखी हवा होता. मागायला तोंड नव्हतं. बशी नुसती पुढे सरकवली.