मागे राहिलेला रकाना

प्रिय ताई,

तुझं पत्र पोचलं. रविवारी येऊन टिकलीची खोली आवरून टाकू म्हणतेस. वाचून आधी राग आला, मग रडू आलं, तेवढ्यात चहा उतू गेला.

ढीग रचायचा मला पगार मिळतो म्हणून तू चिडवतेस ना? खरंच आहे ते. संगणकावर आम्ही कण टाकतो, ते रकान्यांत साचतात आणि ढीग वर चढत जातो. नियम एकच: कुठलाही रकाना शेजाऱ्याच्या फार पुढे जाऊ शकत नाही, त्याला थांबावं लागतं. मधल्या एकाच रकान्यात आम्ही खोट ठेवतो. तिथे कण जरासा उशिरा बसतो, इतकंच. एवढ्याशा खोटीने सगळा ढीग मंदावेल का, यावर आमची कैक वर्षं डोकेफोड चालली आहे. माझं म्हणणं, शेजारी सांभाळून घेतात. अरुंद ढिगात करून पाहिलं तेव्हा तसंच दिसलं, आणि मी ते मिरवलंही.

टिकली तापाने गेली तेव्हाही तसंच दिसलं होतं. पोटची पोर गेली आणि पंधरवड्यात मी कामावर हजर. आमची धाकटी खंबीर आहे, असं तू सगळ्यांना सांगत सुटलीस. हेसुद्धा अंघोळ करताना पुन्हा गुणगुणायला लागले होते.

परवा माझ्या सहकारिणीने तोच ढीग खूप रुंद करून बराच काळ वाढू दिला. सगळाच मागे पडला गं, खोटीपासून लांबचे रकानेसुद्धा. आम्ही फार लवकर पाहून मोकळे झालो होतो. ती आनंदाने नाचत होती आणि मी बाथरूममध्ये जाऊन कडी लावून घेतली. यांचं गुणगुणणं कधी थांबलं, ते मला आठवेना. हे माझ्यासाठी थांबतात, मी यांच्यासाठी, आणि पुढे कुणीच जात नाही. खालच्या मजल्यावरची शिंपीणसुद्धा माझी चाहूल लागली की, मला बघवणार नाही म्हणून, आपल्या मुलीला आत बोलावते.

खोली आवरायला येऊ नकोस. ती मी गेल्याच महिन्यात रिकामी केली. सायकल देऊन टाकली, तिची उंची मोजायच्या भिंतीवरच्या रेघा रंगवून टाकल्या. हे दारातून बघून गेले. वाटलं होतं, खोट त्या खोलीतच असेल. काही फरक पडला नाही. आता आवरायला काही उरलेलं नाही, ताई. तरी तू ये, माझ्यासाठी ये. मला पुढचा दिवस नकोसा झालाय, आणि ते यांना सांगायचं धाडस होत नाही.

तुझीच,
खंबीर धाकटी