धरणाचा सिनेमा

लीला,

तू टँकरच्या रांगेत आहेस म्हणून लिहून ठेवतोय. ज्योतिबाची राही अजून घरी आलेली नाही. मी आणि ज्योतिबा वडूजच्या रस्त्यानं तिला शोधायला निघालोय. कंदील नेतोय.

सकाळी तू म्हणालीस, शाळेच्या वेळेत सिनेमा कशाला, पोरांचे पाढे कच्चे आहेत. मी तुझ्यावर खेकसलो. या दुष्काळात पोरांनी निदान डोळ्यांनी तरी पाणी बघावं, असं मला फार वाटत होतं. गणिताच्या तासाला खिडक्यांवर घोंगडी टाकली, माझं लग्नातलं धोतर पडदा म्हणून बांधलं. धरणाची दारं उघडून पाणी सुटलं तशी पोरं ओरडायलाच लागली. राही तर उठून धोतरामागं जाऊन बघून आली. मग माझा सदरा ओढून म्हणाली, "गुरुजी, त्ये पाणी कुठं हाय वो?"

मी रीळ बदलत होतो. मान वर न करता म्हणालो, "हाय की, डोंगरापल्याड."

मधल्या सुट्टीत ती घरी गेली आणि कळशी घेऊन वडूजच्या रस्त्याला लागली. पोरांनी पाहिलं, पण पाण्यालाच चालली असेल म्हणून कुणी विचारलं नाही.

ज्योतिबा सायकल घेऊन दारात उभा आहे. "गुरुजी, तुमी मागं बसा, सायकल मी हाणतो," एवढंच म्हणाला.

जेवायला थांबू नकोस. आणलेलं पाणी राहीच्या आईला नेऊन दे, आणि आपली कळशी तिच्याकडंच ठेव. त्यांच्या घरात एकच होती.