सहावी मॅट

प्रिय धाकटे,

तुझं गाठोडं पोचलं. गाठ अशी मारली होतीस की सोडवताना माझं नख तुटलं. कपडे धुऊन, इस्त्री करून पाठवलेस ते बरं केलंस. नाहीतर माझ्या शिवणाच्या दुकानात लोक घामट कपडे आणून टाकतात आणि वर विचारतात, बाई, अजून झालं नाही? लेकीचा हिरवा झगा, तुझा जांभळा एप्रन, आपल्या होणाऱ्या जावयाचा, म्हणजे त्या सुताराचा चौकडीचा शर्ट, त्याच्या आईवडिलांचे कपडे, सगळं मिळालं. आणि तळाशी तुझ्या गुंड्याचा निळ्या रेघांचा शर्ट. त्याला टाचणीनं चिठ्ठी लावलेली, 'ही सहावी मॅट. रनरमध्ये घालायचा नाही.' अगं, जन्म गेला माझा कापडात, मला चिठ्ठी लावून सांगतेस?

आपल्या घरची रीत मला ठाऊक आहे. नवा संसार मांडणाऱ्याला जेवणाच्या टेबलाचा सगळा संच घरी शिवून भेट द्यायचा, ही आईनं घालून दिलेली रीत. जो जेवायला बसतो त्याच्या ताटाखालची मॅट त्याच्याच जुन्या कपड्याची. जो गेला त्याचा तुकडा टेबलावर मध्ये अंथरायच्या लांब पट्टीत, रनरमध्ये, म्हणजे तो सगळ्यांच्या मधोमध राहतो आणि त्याचं ताट कुणी मांडत नाही. तुझा नवरा गेला तेव्हा त्याची मॅट खिडकीशी बसून तू स्वतः उसवलीस, कारण ती घरच्याच माणसानं उसवायची असते. डोळ्यांतून टिपूस काढलं नाहीस. मी मनात म्हटलं, काय दगड आहे ही बाई. मग एकदा भांडी घासताना रडायला लागलीस ती थांबेचनास.

गुंड्याचं मात्र तू काहीच होऊ दिलं नाहीस. दोन वर्षांपूर्वी पुलावरून पाणी जात होतं, लोक ओरडत होते, तरी त्यानं मोटरसायकल घातली. गाडी सापडली, तो नाही. तेव्हापासून जो कुणी 'गुंड्या होता' म्हणेल त्याच्याशी तुझं बोलणं बंद. पोलिसांचा फोन तू आपटलास, माझाही एकदा आपटलास. पोरगं पट्टीचं पोहणारं, डोक्याला मार बसला असेल, काही आठवत नसेल, पण येईल, असं तू म्हणायचीस आणि मी होला हो करत आले. खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटत होतं. लहानपणी माझ्या डब्यातली एवढी मोठी गुंडी गिळली त्यानं, आणि आपण दोघी तोंडचं पाणी पळालेल्या, ती बाहेर पडेपर्यंत त्याच्या मागे मागे फिरत होतो. याला मात्र काही झालं नाही, उलट बारशाचं नाव पुसलं जाऊन गुंड्या हे नाव कायमचं चिकटलं. असं पोर कशातूनही सुटेल असं वाटायचं गं.

मागे लेक दुकानात येऊन गेली, ते तुला तिनं सांगितलं नसणार. माझ्या कापायच्या टेबलाशी उभी राहून म्हणाली, मावशी, दादाचा शर्ट रनरमध्येच घाल. टेबल सहा जणांचं केलंय, पण सहावं ताट रोज मांडून मी त्याच्यासमोर कशी जेवू? आई आली की त्या रिकाम्या खुर्चीला वाढायला लावेल, आणि मला नाही म्हणता येणार नाही. मी तिला चांगलंच झापलं. म्हटलं, तुझ्या आईचा जीव त्या एका शर्टात अडकलाय, आणि तो मी मेलेल्यांत शिवू होय? तेव्हा ती शांतपणे म्हणाली, मावशी, मी जिवंत आहे हे आईला कधी दिसणार? मी इस्त्री तापली का ते बघत बसले.

तरी बाजू मी तुझीच घेतली. तो शर्ट कापला आणि मॅटच करायला घेतली. वर निळ्या रेघांच्या पट्ट्या, मध्ये फलालीन, खाली अस्तर. कॉलरजवळचं कापड विरलेलं होतं, ते टाकून पाठीचं घेतलं. खिसा काढला तर त्याखाली निळा रंग अगदी नवाकोरा होता. तीन थर कच्च्या टाक्यांनी धरले, आडवे धावदोरे घातले. फक्त कडेची मगजी लावायची राहिली होती. लेक रागावेल, चार दिवस बोलणार नाही, मग येईल वळणावर, असा माझा हिशेब होता.

मग सोमवारी तिचा फोन आला, मावशी, माझ्याबरोबर चल, एकटीनं जमणार नाही. नव्या पुलाच्या खांबासाठी नदीत खणताना काही सापडलं होतं. तुला फोन लावायची पोलिसांची हिंमत नव्हती, म्हणून त्यांनी तिला बोलावलं. चौकीच्या मागच्या खोलीत लोखंडी टेबलावर एक कापड ठेवलं होतं, चिखलाच्या रंगाचं. त्याला जॅकेट म्हणायचं तर म्हणायचं. हवालदार म्हणाला, बाई, घाई नाही, नीट बघा. लेकीनं तोंड फिरवलं. मी सवयीनं आधी उलटं करून आतली बाजू बघितली. गाडीवर थंडी वाजते म्हणून तुमच्या घरच्या जुन्या संचातल्या उरलेल्या तुकड्यांचं मी त्याला शिवून दिलं होतं ना, तेच. कापड गेलं होतं, पण दोरा कुजला नव्हता. हवालदार म्हणाला, डावा खिसा उघडतच नाही, आत काही आहे का कळत नाही. मी म्हटलं, तो उघडणार नाही. धावदोरे घालताना माझ्याकडून खिशाचं तोंडही त्यातच शिवलं गेलं होतं. मी उसवायला निघाले तर गुंड्यानं उसवू दिलं नाही. म्हणाला, राहू दे मावशी, पाकीटमाराची पंचाईत होईल. मी त्या खिशावर हात ठेवला आणि हवालदाराला सांगितलं, हा आमचाच. तो जॅकेटसकटच गाळात सापडला होता गं. नदीनं त्याला कुठे दूर नेलंच नव्हतं.

हे फोनवर सांगितलं असतं तर तू पहिल्याच वाक्याला ठेवून दिला असतास. म्हणून लिहिलं, आणि लेकीच्या हातानं पाठवतेय. तिला म्हटलंय, आईचं वाचून होईपर्यंत समोर बस आणि काही बोलू नकोस. तिच्या पिशवीत ती मॅट आहे. मगजी मी लावली नाही. रनरही मध्यावर तसाच मोकळा ठेवलाय, पण ती मॅट उसवणं माझं काम नाही, तुझं आहे. आजच उसव असं म्हणत नाही. पण आता कागद खाली ठेव आणि त्या पोरीकडे बघ. तिनं दोन्ही वर्षं तुझ्यासमोर एकदाही रडून घेतलं नाही, तू फोनसारखं तिलाही ठेवून देशील या भीतीनं. तिचाही भाऊ गेलाय. तिला जवळ घे, आणि मग दोघी मिळून या. त्याला ताब्यात द्यायला आईची सही लागते म्हणतात. तोवर मी इथून, या चौकीतून, हलत नाही.

तुझीच, त्याच्यापाशी बसलेली,
ताई