रविवारचा मराठी तास

२ नोव्हें., रवि.
मराठी तास झाला. घसा बसला. घरी येऊन खिचडी टाकली, ती बी खाली लागली.
मिश्रा साहेबानं आज दोन गोष्टी सांगतल्या. नवा मॅनेजर, माणूस वाईट नाई, पण गाण्याचा कान नाई त्याले. एक, रेडिओचा वाढदिवस आहे, स्टेशनचा इतिहास लिहून द्या, "सबसे पुरानी तो आप ही हैं, नलिनी जी." दोन, मराठी तास बंद कराचा विचार आहे, कोणी ऐकत नाई. एकाच दमात! म्हणजे इतिहास मीच लिहाचा आन् इतिहासजमा बी मीच व्हाचं.
भांडाची ताकद नव्हती. "जी" म्हटलं आन् निघाली.

४ नोव्हें., मंगळ.
इतिहास लिहाले बसली. हिंदीत पायजे म्हणे.
भिलाईच्या सेक्टर 10 मधली गच्चीवरची खोली, तेच आमचं पहिलं स्टेशन. आवाज घुमू नये म्हणून भिंतीले गोधड्या ठोकल्या होत्या. त्या गजभिये काकूनं शिवलेल्या. गजभिये काका रेल्वेतले, आता रिटायर, कॅम्प-1 वस्तीत राह्यतात. पहिल्या दिवसापासून ऐकून राहिले आमाले. काकू मागच्या वर्षी गेल्या. एक गोधडी अजून माईकच्या मागं टांगली आहे, जुन्या लुगड्याची.
हिंदीत "गुदड़ी" लिहिलं. खोडलं. "रजाई" लिहिलं. ते बी खोडलं. उठून भांडे घासले.

५ नोव्हें., बुध.
थोडं झालं. कोणी दिवाळीत भंडारा-गोंदियाले गेलं का येताना कॅसेट आणे. भीमगीतं, भजनं, लग्नातले गाणे. स्टील प्लांटची धूळ कॅसेटीत जाये, मंग पेन्सिल घालून फिरवत बसा. एकदा माईक चालू राह्यला आन् मी मशीनवरच्या देवांगनले म्हटलं, "समोसा थंडा झाला बाप्पा," ते अख्ख्या टाउनशिपनं ऐकलं. पुढच्या रविवारी लोकं समोसे घेऊन दारात!
हे साहेबाले नाई देत. हे माह्यं.

७ नोव्हें., शुक्र.
साहेब म्हणे, बरं, लोकांले फोन कराले सांगा. ज्या भाषेत फोन येईन, त्या भाषेचा श्रोता समजू. मराठीतून आले तं तास राहीन.
मले वाटते, जिंकली मी.

९ नोव्हें., रवि.
रेडिओवर सांगतलं: "मराठी तास पायजे असन तं गुरुवारपर्यंत स्टेशनले फोन करा." पहिलं गाणं संपाच्या आत घंटी सुरू. देवांगन मशीन सांभाळते, तोच फोन उचलून राहिला. "दीदी, फोन ह तात होगे!" तापला म्हणे फोन. गडी खुश. मी बी. बऱ्याच दिवसांनी बाजारातून मासे आणले.

१४ नोव्हें., शुक्र.
साहेबानं फोनांचा कागद समोर ठेवला, देवांगननं भाषेवार लिहिलेला. हिंदीचा रकाना भरून वाहे. मराठीत बोटावर मोजण्याइतके.
"देखिए, सुनते तो सब हिंदी वाले हैं."
मराठीचा रकाना दोनदा मोजला. बसली राह्यली. येवढे वर्ष मी भिंतीसंगच बोलली का काय?
घरी पोरगी म्हणे, "छोड़ो ना मम्मी, आराम करो." हो, आरामच राह्यला आता.

१५ नोव्हें., शनि.
राहावलं नाई, कॅम्प-1 ले गेली. म्हटलं, "काका, तुमी बी फोन नाई केला?"
काका भडकलेच. "नाई कावून? पहिल्याच दिवशी केला! त्याले ठणकावून सांगतलं, मराठी प्रोग्राम बंद नहीं होना चाहिए, समझे?"
"हिंदीत सांगतलं?"
"मंग? ऑफिसात फोन लावला तं हिंदीतच बोला लागते ना वं. मराठी तं घरची."
मी तिथंच खाटेवर बसली. हसू का रडू. साऱ्यांनी हेच केलं असन. रेल्वेत, प्लांटात, बँकेत जन्मभर हिंदीत बोलले, तं रेडिओसंग मराठीत कसे बोलतीन? उंबऱ्याच्या बाहेर गेलं का आमची भाषा बदलते, जशी चप्पल घालतो तशी.
तिथूनच साहेबाले फोन लावला. एक मोका मागितला. उद्या फोन सीधे रेडिओवर घेऊ, साऱ्यांले ऐकू जाईन असे, तुमी सोता समोर बसा. बरं म्हणे.

१६ नोव्हें., रवि.
साहेब काचेपलीकडं, कानाले हेडफोन. मी सांगतलं: "हे ऑफिस नोहे. हे तुमचंच घर समजा. फोन मराठीत करा, लाजू नका."
गाणं लावलं. फोन नाई. दुसरं लावलं. नाई. साहेबानं घड्याळ पाह्यलं. गोधडीकडं पाहात बसली मी.
तिसऱ्या गाण्यात घंटी वाजली. झटकन उचलला, माईक उघडला: "हाँ जी, नमस्कार, बोलिए!"
पलीकडून गजभिये काका, पूर्ण भिलाईले ऐकू जाईन असे:
"अवं पोरी, तूच हिंदीत बोलून राहिली, तं आमी काय करावं?"
देवांगन खुर्चीवरून पडाचाच राह्यला होता. मले शरम बी आली आन् हसू बी. "चुकली काका. बोला. मराठीत बोला." काकांनी काकूच्या आवडीचं भजन सांगतलं. त्याच्यानंतर घंटी थांबली नाई. कोणी अडखळत, कोणी अर्धं हिंदी, एक बाई तं नुसती रडली. ते कोणत्या रकान्यात टाकान साहेब?
साहेब हेडफोन काढून चालला गेला.

१८ नोव्हें., मंगळ.
इतिहास देऊन आली. गोधडीच लिहिलं, तसंच.
आता संध्याकाळी साहेबाचा फोन आला, तासाचं काय ठरलं ते सांगाले असन. स्क्रीनवर नाव पाह्यलं. उचलला. तोंड उघडलं, आन् कोणत्या भाषेत बोलावं, तेच सुचेना.