शिवगंगाचे चार सवाल

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
लातूर, ३ मार्च १९८६

ती. अमृतअण्णांस, धाकट्या बहिणीचा शि. सा. न. वि. वि.

शिवगंगाचं टॉन्सिलचं ऑपरेशन सतरा तारखेला ठरलं. तिला उमावहिनींसोबत दोन दिवस आधी पाठवा, माझ्याच खोलीवर राहतील. लेक परत जागी होईल ना, हे तुम्ही तीन पत्रांत विचारलंत. भूल उतरेपर्यंत लेकरांजवळ बसायचं कामच माझं आहे, अण्णा. नव्या डॉक्टरांनी तक्ता केलाय: नाव, गाव, जिल्हा, वडील काय करतात. चारही बरोबर आलं की लेकरू शुद्धीवर, मग वॉर्डात. आपला जिल्हा होऊन चौथं वर्ष लागलं, तरी रेणापूरची लेकरं उस्मानाबादच सांगतात आणि डॉक्टर त्यांना बेशुद्ध लिहितात. त्यांच्या बापांना विचारलं तर तेही बेशुद्धच निघतील.

इथं नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. वहिनींना सांगा, आंघोळ करूनच निघा.

माया आहेच, ती तशीच राहू द्या.
शिवकांता

उमरी, ९ मार्च १९८६

चि. शिवकांतास अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र पावलं. ते चार सवाल शिवगंगाकडून सकाळ-संध्याकाळ घोकून घेऊन राहिलो. आता झोपेत हलवलं तरी धडाधड सांगते. एकदा जिल्हा चुकली, मी आवाज चढवला, मग न्हाई चुकली. आपल्या घरचं लेकरू बेशुद्ध लिहिलं जाणार न्हाई.

मला यायला जमत न्हाई. टँकरची रांग लावायला मी लागतो. उमा म्हणते हे निमित्त हाय. निमित्तच हाय. एकुलती लेक, मला लई भ्या वाटतं.

आशीर्वाद आहेतच, पुरवून वापर.
अमृतराव

लातूर, १८ मार्च १९८६

ती. अण्णांस शि. सा. न. वि. वि.

शिवगंगा बरी आहे. हे आधी वाचा, मग पुढचं.

काल ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी तिला नाव विचारलं. तिनं डोळे मिटूनच चारही उत्तरं एका दमात दिली. उरलेले तीन सवाल विचारायचेच राहिले. डॉक्टर खूश. सही करून वॉर्डात न्यायला सांगितलं. मी पापणीला बोट लावलं, पापणी हलली नाही, म्हणून नेऊ दिलं नाही. भाचीचे लाड चालवलेत म्हणून डॉक्टर चिडले. तेवढ्यात तिची जीभ मागे पडली, ओठ निळे झाले. मी जबडा उचलून धरला, ऑक्सिजन लावला, तेव्हा हळूहळू रंग आला. वॉर्डात चाळीस लेकरांना एक नर्स आहे, तिथं कुणाला कळलंही नसतं. 

तासाभरानं तिनं डोळे उघडले. मी काही विचारलं नव्हतं. जिल्हा आठवत नाही, माझ्या अप्पांना सांगू नको, एवढं म्हणाली आणि रडायला लागली. मी तक्त्यावर लिहिलं, शुद्धीवर आली. सांगणार नाही असा तिला शब्द दिला होता, तो मोडून हे लिहिते आहे.

रागावले आहे, तरी लोभ कमी नाही.
शिवकांता

उमरी, २१ मार्च १९८६

चि. शिवकांतास अनेक आशीर्वाद.

पत्र दुकानात उभ्यानं वाचलं आणि दुकान बंद केलं. तू नसतीस तर माझ्या घोकंपट्टीनं माझी लेक गेली असती. हे लिहून देतो, डॉक्टरला दाखव.

आजच निघणार होतो. पण मला अचानक दारात बघून पोर घाबरंल, म्हणून मंगळवारच्या एसटीनं येतो. तोवर हे पत्र पोचंल. तिला सांग, अप्पा येऊन राहिलेत, आणि काहीच विचारणार न्हाईत.

तुझा अण्णा