तपकिरी आठ नंबर

३ जून
आजपासून दुकान डेटावर चालणार. पण डेटा माझा. सूनबाईने कॉम्प्युटरवर तक्ता काढला: टोकदार तपकिरी बूट वर्षात दोन जोड खपले, बंद करूया म्हणते. विचारलं, खपले दोन, पण आवडले किती जणांना, हे आहे का तुझ्या डब्यात? चाळीस वर्षं बुटांचं दुकान चालवतोय, केस काही उन्हाने पांढरे झाले नाहीत. पैज लावली. आठवडाभर मोजणी, मग दोनशे जोडांची ऑर्डर. महिन्यात पन्नास खपले नाहीत तर यापुढे माल तिने मागवायचा. आमची ही आतून म्हणाली, लिहून द्या. दिलं.

४ जून
मोजणी सुरू. तपकिरी बूट ज्याच्या पायात गेला, त्याची एक रेघ. बाकी पद्धत नेहमीचीच. गिऱ्हाईक बसलं की आधी तपकिरी आठ नंबर पायात सरकवायचा, त्यावरून माप कळतं, मग मागेल ते दाखवायचं. आज सतरा गिऱ्हाइकं, सतरा रेघा. शंभर टक्के. ऊर भरून आला.

८ जून
दाढ. दिवसभर डेंटिस्टकडे. दुकानात सूनबाई. गिऱ्हाइकं वीस, तपकिरीपुढे शून्य. आज गिऱ्हाईकच निराळं आलं असणार. डेटा साफ करावा लागतो, असं एका व्हिडिओत ऐकलंय. पान फाडलं.

११ जून, सकाळी १०
एकूण शहाण्णव रेघा. त्यात शाळेतल्या एक बाईसुद्धा. आल्या होत्या सँडल घ्यायला, पण आवड लपते होय?
सूनबाई म्हणाली, "बाबा, लोक तो बूट घालत नाहीत. तुम्ही घालता त्यांच्या पायात."
तरुण माणसं घाईने बोलतात. मनावर घेतलं नाही. फोन करून दोनशे सांगितले.

१८ जून
माल आला. दार आता अर्धंच उघडतं. धंदा वाढला की जागा कमी पडायचीच.

२ जुलै
एक जोड गेला! विमा एजंट. काळे घ्यायला आला होता, बोलता बोलता मापाचा तपकिरीच घालून निघून गेला. संध्याकाळी परत आणून दिला. तरी दोन तास वापरला, हे कुठल्याच तक्त्यात येत नाही.

१८ जुलै
महिना संपला. विक्री शून्य. शब्द म्हणजे शब्द. ऑर्डरची वही सूनबाईला दिली. हरलो म्हणून नव्हे, नव्या पिढीला संधी हवी. तिने पाय मोजायची पट्टी आणली, माझ्याच हातात दिली. म्हणे, लोक पुन्हा पुन्हा येतात ते तुम्ही असं गुडघ्यावर बसून माप घेता म्हणून, हेही तक्त्यात आहे. तक्ता अगदीच वाईट नाही.
तरी खातं कोरं राहू नये म्हणून एक जोड मीच विकत घेतला.

१९ जुलै, रात्री ८
माझा नंबर नऊ, जोड आठचा. दोन्ही टाचांना फोड. जोड परत करायला गेलो. सूनबाईने भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं: वापरलेला माल परत घेतला जाणार नाही. अक्षर माझंच.