सातवे वल्हे आणि निळीचा थेंब

मी, गुरुराव येसाजीराव सुलाखे, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा सुतारकाम, शिक्षण सातवी, तेही कानडी शाळेत, राहणार विजयनगर दुसरा स्टेज, म्हैसूर, आज शुक्रवारी पूर्ण शुद्धीत, कोणाचा दबाव नसताना, मात्र पुष्कळ भीतीत हे मृत्युपत्र लिहीत आहे. भीतीत लिहिलेले चालते का, हे मी शेजारच्या उपेंद्र हर्डीकरांना आधी विचारून घेतले. ते म्हणाले, "भीती म्हणजे दबाव नव्हे. लिहा."

१. राहते घर आणि बँकेतली ठेव माझी पत्नी भानुमती हिला. तिच्यामागे मुलगा सुदीप याला. ती गॅसची कळ एकदाच बघते, मी तीनदा बघतो. माझ्यामागे तिने निदान दोनदा बघावी.

२. धाकटा भाऊ सत्यनारायण याला काही देत नाही. आम्ही मूळचे रंगारी. वडिलांचे छपाईचे ठसे त्याने मला न विचारता एका हॉटेलवाल्याला भिंतीवर टांगायला दिले. ज्याला काही मिळत नाही तोच साक्षीदार चालतो, असे उपेंद्रराव सांगतात. म्हणून दुसरा साक्षीदार सत्यनारायण. हे ऐकून तो म्हणाला, "बरं झालं अण्णा, सहीपुरता तरी उपयोगाला आलो."

३. बोगादीच्या शेडमधले रंधे, पटाश्या, करवती आणि शिकंजे नात हर्षिता हिला. वल्ही करायला तीच माझ्याजवळ शिकली. शेडमध्ये तिने फळी कशी निवडावी, ते लिहून ठेवतो.

स्प्रूस आपल्याकडचे लाकूड नव्हे. ते मंगळूर बंदरातून येते आणि वखारीत पाइन, फर, स्प्रूस सगळे एकाच थप्पीत पाइन म्हणून विकतात. वखारवाल्याला विचारू नये, फळीला विचारावे. रंधा मारून वास घ्यावा. टर्पेंटाइनचा दर्प आला तर पाइन. स्प्रूसला वास जेमतेम, रंग सायीसारखा, आणि उन्हात तिरकी धरली की रेशमासारखी झाक मारते. फरला ती झाक नसते. टोकाला वाढीच्या रेषा दाट हव्यात. गाठ चालणार नाही. फळी चिमटीत लोंबती धरून ठोकावी, आवाज लांबला पाहिजे. फार हलकी फळी हाती आली तर खूश होऊ नये, घाबरावे. हलक्या फळीत जोर नसतो.

एवढे करूनही फसगत होते. वरच्या रेषा सरळ दिसतात आणि आतले तंतू काठाकडे पळतात. म्हणून शेवटी रंधलेल्या फळीवर पातळ निळीचा एक थेंब टाकावा. थेंब तंतूंच्या वाटेने पसरतो. दांड्याच्या दिशेने सरळ गेला तर फळी घ्यावी. वळला तर सोडावी. वडिलांच्या निळीच्या मडक्याचा मला एवढाच उपयोग झाला.

४. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

तळ्यावरच्या होड्यांच्या क्लबाने नवरात्राआधी आठ वल्ही सांगितली. सातव्याची फळी तेवढी उरली होती, ती अष्टमीला रंधून झाली. आमच्या घरात अष्टमीला कुलदेवीची पूजा असते आणि त्या दिवशी निळीच्या मडक्याला कोणी हात लावत नाही. आजोबांपासूनचा नियम. सत्यनारायण शेडमध्येच होता. म्हणाला, "अण्णा, सुम्ने, सहज एक थेंब टाक की! देवी काय तुझं मडकं राखत बसलीये?" मी त्याला ओरडलो. उद्या थेंब टाकू म्हणून फळी कापली, दांडा घडवला. दुसऱ्या दिवशी सुदीपने, मला मदत म्हणून, आठही वल्ह्यांना वार्निश मारून टाकले. वार्निशवर थेंब पसरत नाही. खरवडतो म्हटले असते तर सगळ्यांनी का म्हणून विचारले असते. मी गप्प बसलो. ती फळी ठोकली तेव्हा आवाज लांबला नव्हता, हेही कोणाला सांगितले नाही.

दिवाळीनंतर वल्ही गेली. हर्षिता त्याच क्लबात जाते. परवा जेवताना म्हणाली, "अज्जा, रविवारच्या शर्यतीला मी सातवं घेणार. कापसासारखं हलकं आहे!" तळ्याच्या मधोमध दांडा मोडला तर काय, एवढेच डोळ्यांसमोर येते. बोललो तर आठही वल्ही परत येतील, गुरुराव सुलाख्याचे नाव जाईल, याचीही भीती. दोन भीतींच्या मध्ये मी बसून आहे.

म्हणून लिहितो की सातवे वल्हे, ज्याच्या मुठीखाली मी ७ आकडा डागला आहे, ते कोणीही पाण्यात नेऊ नये. मोडून टाकावे.

पुरवणी, शनिवार.

सही करण्याआधी उपेंद्ररावांनी वरचे वाचले. चष्मा काढून म्हणाले, "गुरुराव, हा कागद तुम्ही गेल्यावर वाचायचा असतो. शर्यत उद्या आहे."

सत्यनारायण म्हणाला, "ऊठ अण्णा. चप्पल घाल." निळीचे मडके घेऊन उपेंद्ररावांच्या गाडीतून आम्ही तिघे तळ्यावर गेलो. हर्षिता तिथेच होती. सगळ्यांसमोर मी सातव्याचे वार्निश खरवडले आणि निळीचा थेंब टाकला. क्षणभर तो होता तिथेच राहिला. मग काठाकडे निघून गेला.

सत्यनारायणाने वल्हे दोन विटांवर ठेवून मधे पाय दिला. तो अंगाने किरकोळ, तरी दांडा तिरका चिरत गेला.

हर्षिता म्हणाली, "अय्यो अज्जा, लाइफ जॅकेट असतं अंगात. इतकं भ्यायचं असतं का? आधी सांगायचं होतंस." मग तिने तुकडे उचलले आणि तिरक्या चिरेवरून बोट फिरवले.

उरलेली सात वल्ही खरवडून संध्याकाळपर्यंत तपासली. सातही थेंब सरळ गेले. तरी मला ती पुन्हा एकदा तपासावीशी वाटतात.

कलम ४ मधली मोडून टाकण्याची सूचना पूर्ण झाली, म्हणून रद्द. कलम २ तसेच राहील, मात्र त्यातला राग काढून घेतो.

५. निळीचे मडके हर्षिताला. फळी रंधली की थेंब त्याच दिवशी टाकावा, अष्टमी असली तरी. त्याचा दोष लागलाच तर तो हर्षिताला लागू नये. तो कोणालाही वाटून न देता मी माझ्याकडे ठेवतो.

ठिकाण म्हैसूर, ता. १६ नोव्हेंबर २०२४

(सही) गुरुराव येसाजीराव सुलाखे

गुरुरावांनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली. भीती होती, मन ठिकाणावर होते.

साक्षीदार
१. (सही) उपेंद्र हर्डीकर
२. (सही) सत्यनारायण येसाजीराव सुलाखे